फेस टिकेना

ओटाकार ह्रुबेशने पबवाल्या हीनेकचा जबडा मोडला, तो फेसावरून. हीनेकने समोर ठेवलेल्या ग्लासात बोटभरसुद्धा फेस नव्हता. बाहेरच्या माणसाला हे कारण फुसकं वाटेल. आमच्याकडे मात्र फेसाशिवाय बीअर पुढे करणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार आपटणं, आणि ओटाकारला वाऱ्याने आपटलेलं दारही खपत नसे. त्याने हीनेकला कॉलर धरून काउंटरवरून अलीकडे ओढलं आणि दोन ठोसे लगावले. दुसऱ्याची गरज नव्हती. हाड मोडल्याचा आवाज पहिल्यालाच सगळ्यांनी ऐकला होता.

ओटाकार पेशाने खाटीक. पंचक्रोशीतल्या प्रत्येक घरचं डुक्कर तोच मारायचा. माणसंही त्याने कमी बडवली नाहीत. जत्रेतला ढोलवाला, सख्खा चुलतभाऊ, एकदा तर चर्चच्या पायरीवर पोस्टमन. घरातल्याबद्दल कुणी बोलत नसे. त्याची बायको द्राहोमीरा भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालून दुकानात यायची, आणि आम्ही सगळे तिला ब्रेड ताजा मिळाला का, एवढंच विचारायचो. आमची लाज आमच्यापाशी.

जबड्याचे आठ महिने तुरुंगात काढून तो घरी आला, तेव्हा द्राहोमीरा दारात उभी होती.

"आत ये," ती म्हणाली. "पण एकदाच सांगते, परत सांगायची नाही. पुन्हा हात उचललास तर मी बहिणीकडे जाईन, ब्रनोला. रडणार नाही, भांडणार नाही. जाईन."

"बरं," ओटाकार म्हणाला. तिच्या नजरेत धमकी नव्हती, याचीच त्याला भीती वाटली.

आसपासच्या तिन्ही गावांतल्या पबांची दारं त्याला बंद झाली होती, म्हणून त्याने घरीच बीअर करायला घेतली. मागच्या मोरीत कढई, पिंप, बाटल्या मांडल्या. पहिल्या खेपेला साखर जास्त पडली आणि बाटल्या एकामागून एक फुटल्या. एका काचेने त्याच्या कानाची पाळी उभी चिरली. कान दाबून धरत तो कुऱ्हाड घेऊन आला आणि उरलेल्या बाटल्यांचा त्याने स्वतःच्या हाताने चुरा केला. दुसरी खेप करपली, तेव्हा अख्खी कढई खिडकीतून बाहेर गेली. खाली कोंबडी होती. ती त्यांनी रात्री खाल्ली. असं काही चालू झालं की द्राहोमीरा रेडिओ मोठा करायची. भांडी फुटत होती तोवर तिची तक्रार नव्हती.

चव हळूहळू जमली, फेस काही जमेना. ओतताना वर यायचा आणि ग्लास टेबलावर नेईपर्यंत फुस्स व्हायचा. ओटाकार दात खाऊन शिकत राहिला. जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, कोमट पाण्यात फार वेळ रेंगाळले की फेस धरणारं सत्त्वच मोडतं, हे त्याला दोन वर्षांनी कळलं. मग त्याने तो वेळ तोडला, मूठभर गव्हाचं माल्ट घातलं, साबणाला ग्लासांपासून हद्दपार केलं. ग्लास सोड्याने धुवायचे, थंड पाण्यातून दोनदा काढायचे, फडकं लावायचं नाही. हे सगळं त्याने द्राहोमीराला इतक्यांदा ऐकवलं की ती झोपेतही म्हणू शकली असती.

पाचव्या शरदात एका दुपारी फेस उभा राहिला. दोन बोटं जाड, सायीसारखा घट्ट. त्याने तिला बागेतून हाक मारली. दोघं मोरीत उभी राहून नुसती बघत होती.

"बसत नाहीये की रे," ती म्हणाली आणि हसली.

 पाच वर्षं ओटाकारने तिच्यावर हात टाकला नव्हता, आणि त्या क्षणी त्याला वाटलं, हे आता कायमचं जमलं.

जानेवारीत त्यांनी शेजारपाजाऱ्यांना बोलावून घरचं डुक्कर कापायचं ठरवलं. "हीनेकला बोलाव," द्राहोमीरा म्हणाली.

"तो कशाला येतोय?"

"येतोय. विचारलंय मी."

हीनेक आला, वाकड्या जबड्याने, आणि दोघांनी हात मिळवले. सकाळी सातला ओटाकारने डुकराच्या कपाळात गोळी घातली, गळ्यात सुरा मुठीपर्यंत घातला. रक्ताची चिळकांडी बादलीत उडाली आणि द्राहोमीरा गुडघे टेकून, गुठळी होऊ नये म्हणून, उघड्या हाताने ते ढवळत बसली. दहापर्यंत डोक्याचं मांस उकडून तयार झालं. अंगणात ओटाकारसकट पंधरा माणसं मोहरीची चटणी लावून ते बोटांनीच खात होती. ओटाकारने बीअर आणली. ओतली तेव्हा फेस झकास आला.

पाहुण्यांनी एकेक घोट घेतला आणि फेस बसला. सगळ्यांचाच.

हीनेकने ग्लास उजेडात धरला. "ओटाकार, तेव्हा मी तुला दिलेल्या ग्लासात याच्यापेक्षा जास्त होता रे. जबडा परत दे माझा."

अंगण खदखदून हसलं. हीनेकही हसला. त्याच्या परीने त्याने सगळं माफ करून टाकलं होतं.

ओटाकारच्या कानशिलात आग झाली. तो तडक स्वयंपाकघरात गेला. द्राहोमीरा आतड्यात सारण भरत होती.

"ग्लास कशाने धुतलेस?"

"सोड्याने. दोनदा थंड पाणी."

"खोटं बोलू नकोस. कढईचं तेलकट फडकं फिरवलंस तू."

"अरे, त्यांची तोंडं बघ जरा. सकाळपासून चरबी चापतायत सगळे. तेलकट ओठ लागल्यावर कुठला फेस राहतो? एवढं तुला खाटकाला..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. ती टेबलावर आदळली, सारणाचं घमेलं खाली कोसळलं. ओटाकारने हात मागे घेतला तेव्हा त्याला कळलं की तो उचलला गेला होता. अंगणातलं हसू थांबलं. आम्ही आपापल्या ताटात बघत राहिलो. हीनेक तेवढा उठून दारापर्यंत आला.

द्राहोमीरा उठली. तिचा खालचा ओठ फाटला होता. तिने कोपरापर्यंत हात धुतले, सोड्याने. फळीवरचा ग्लास काढून थंड पाण्यातून दोनदा काढला, बाटली उघडली आणि शांतपणे ओतली. फेस दोन बोटं उभा राहिला. ती अर्धा ग्लास प्यायली. काठाला रक्त लागलं, आणि फेस होता तसाच बीअरबरोबर खाली उतरत गेला, जाड, पांढरा.

"सकाळपासून माझ्या पोटात काही नाही," ती म्हणाली. "चांगली झालीये."

तिने ॲप्रन सोडून खुर्चीवर टाकला, कोट आणि पर्स घेतली.

"द्राहा," ओटाकार म्हणाला. "द्राहा, ऐक ना."

"गाडी काढू?" हीनेकने तिला विचारलं.

"काढा. ब्रनोपर्यंत सोडाल?"

ती दोघं अंगणातून गेली, माणसं बाजूला झाली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तरी ओटाकार जागचा हलला नाही. टेबलावरच्या ग्लासात फेस अजून टिकून होता. त्याने तो उचलला, तिने लावलं होतं त्याच काठाला तोंड लावलं आणि एक घोट घेतला. ग्लास खाली ठेवेपर्यंत फेस बसला.