तोटा म्हणायचं नाही

ताईच्या नवऱ्याला मी तोंडावर भावजी म्हणते आणि पाठीमागे एमडी. ही पदवी त्यांनी स्वतःच घेतलेली आहे. पहिला धंदा सुरू व्हायच्या आधीच त्यांनी 'मॅनेजिंग डायरेक्टर' अशी कार्डं छापून घेतली. धंदा बसला, कार्डं उरली. कार्डांच्या कोऱ्या पाठीवर ताई अजून दूधवाल्यासाठी निरोप लिहिते.

धंदे तीन झाले. कागदी पेल्यांचं मशीन आणलं, ते दारातून आत येईना म्हणून चौकट फोडली. मशीन केव्हाच भंगारात गेलं, चौकट तशीच आहे. मग न्हाणीघरात अळिंबी लावली. आम्ही शेजाऱ्यांकडे अंघोळीला जायचो आणि अळिंबी आमच्याकडे ऐसपैस राहून कुजली. तिसऱ्या धंद्याबद्दल बोलायला ताईने बंदी घातली आहे. अशा माणसाला शाळेने नववी-दहावीच्या मुलांना उद्योजकता शिकवायला नेमलं. मला कळलं तेव्हा मी दातांच्या दवाखान्यात माझ्या काउंटरवर होते. समोर गाल सुजलेला पेशंट बसलेला, तरी मला हसू आवरेना.

भावजींचं म्हणणं, धंदा पुस्तकातून येत नाही, करूनच शिकावा लागतो. हे यांनी सांगावं! पण मुलं भारावली. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत त्यांनी साबणाचा कारखाना काढला. प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला, कोणी संचालक, कोणी विक्रीप्रमुख, कोणी जाहिरातप्रमुख. पातेलं ढवळायला आणि घासायला मात्र एकटी शिंप्याची मुलगी. तिच्यासाठी बिल्लाच उरला नव्हता. शिवाय वर्गाचा एक कडक नियम होता. 'तोटा' हा शब्द उच्चारायचा नाही. जो उच्चारेल त्याने दाराबाहेर जाऊन उभं राहायचं. शब्द बाहेर घालवला की तोटाही जातो, असा भावजींचा शोध.

पहिल्या वर्षी विक्रीच्या दिवशी पटांगणात टेबलं मांडली, पण साबणाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "सर, हा तास ठेवायचा तरी कशाला?" पुढच्या वर्षी, म्हणजे शिंप्याची मुलगी नववीत आली तेव्हा, सगळा माल दुपारच्या आत संपला. कसा, ते मला विचारा. भावजींनी खिशातले पैसे देऊन ताईला धाडलं, इस्त्रीवाल्याला धाडलं, नळ दुरुस्त करणाऱ्यालाही धाडलं. घेतलेला साबण पिशव्यांतून आमच्या घरी आला आणि खोक्यांत भरून माझ्या पलंगाखाली गेला. माझ्याच, कारण त्या वासाने भावजींचं डोकं दुखतं म्हणे! त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. माझी उशी, माझे कपडे, माझा जेवणाचा डबा, सगळ्याला तोच उग्र वास. एकदा त्या साबणाने अंघोळ केली तर आठवडाभर अंग खाजवत होते. तिकडे शाळेत टाळ्या, आणि फळ्याशेजारी भावजींचा फोटो. मुलांच्या मायेपोटी केलं असतं तर एक वेळ मी समजून घेतलं असतं. यांना फक्त आपली खुर्ची सांभाळायची होती.

परवा रविवारी शिंप्याची मुलगी घरी आली. दहावी झालेली, हातात पेढ्यांऐवजी निमंत्रण.

"सर, उद्घाटनाला तुम्हीच यायचं. बाबांनी दुकानाचा पुढचा भाग मला दिलाय. साबणाचं दुकान काढतेय."

"शाब्बास! आणि बाबा?"

"ते मागे बसतील. मागे दोन मशीनं मावत नाहीत, म्हणून एक विकतायत. उद्या सकाळी माणूस न्यायला येणार. त्यातूनच माझं सामान येईल. बाबा आधी तयार नव्हते. मी म्हटलं, दोन्ही वर्षं सगळा माल खपला, आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

मी भावजींकडे बघितलं. वाटलं, आता तरी तोंड उघडतील. उघडलं.

"फीत मीच कापायची ना? फोटोवाला सांगितलायस का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "भावजी, सांगा तिला."

"काय सांगायचं? मुलांचा आत्मविश्वास..."

"तुम्ही सांगताय की मी सांगू?"

"तू मध्ये पडू नकोस. तुला धंद्यातलं काय कळतं?"

मी उठले. पलंगाखालचं खोकं फरफटत आणून मुलीच्या पुढ्यात ठेवलं, मग दुसरं आणलं. ताई स्वयंपाकघरातून डोकावली आणि म्हणाली, "निघाली एकदाची खोकी बाहेर!"

मुलीने वरचा साबण उचलला. वेष्टन तिनेच चिकटवलेलं होतं. तिने खोक्यात खालपर्यंत हात घातला, दुसऱ्या खोक्यातही घातला.

"सर, हे सगळे तुम्हीच घेतले?"

भावजी पंख्याकडे बघत राहिले.

"मग एकही वापरला कसा नाही?"

"मी वापरला होता," मी म्हटलं. "अंगाला खाज सुटली."

तिचा चेहरा पडला. मला तिची फार दया आली, आणि भावजींना तिथेच दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं. तिने साबण होता तसा परत ठेवला.

"म्हणजे तोटा झाला, सर. दोन्ही वर्षं तोटाच झाला."

एवढं बोलून ती सवयीने उठली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली. त्या फुटक्या चौकटीपाशी. भावजींनी तिला आत बोलावलं नाही. मग तिचं तिलाच कळलं असावं. तिने चपला पायात सरकवल्या आणि बाबांना अडवायला पळत सुटली.

ती गेल्यावर भावजी म्हणाले, "बघितलंस? बाजाराचा अंदाज चुकला की लगेच निर्णय बदलायचा. माझ्याच तासाला शिकली ती."

मी काही बोलायच्या आत ताईने खोक्यातला एक साबण काढला, वेष्टन फाडलं आणि न्हाणीघरात त्यांच्या टॉवेलजवळ नेऊन ठेवला. "हे संपेपर्यंत तुम्हाला दुसरा मिळणार नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाताना मी मुद्दाम शिंप्याच्या दुकानावरून गेले. दोन्ही मशीनं जागेवर होती. मागच्या मशीनवर बाप, पुढच्यावर ती. मला बघून तिने पाय थांबवला. मला वाटलं, आता ही रडणार किंवा मला चार शब्द सुनावणार.

"मावशी," ती म्हणाली, "खाज लगेच सुटली होती की दुसऱ्या दिवशी?"