ओट्यावरचा कोरफडीचा डबा

“डॉक्टर, तुमी नेमकं काय लावलं माज्या गायीला?”

मंदाताईंनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या गोठ्यात उकिडवा बसून गायीची कास न्याहाळत होतो. खरं तर वेळ काढत होतो. काय लावलं ते मला माहीत होतं: कोरफड, हळद आणि चुना. पण या तिघांनी मिळून असला प्रताप करायला नको होता. आदल्या दिवशीपर्यंत कास नुसती सुजलेली होती. आता ती लालभडक झाली होती, कातडीवर बारीक फोड आले होते आणि हात पुढे केला की गाय लाथ उगारत होती.

मी पशुवैद्य. पुणतांब्याच्या अलीकडच्या एका गावात, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात माझी नुकती बदली झाली होती. नव्या गावात डॉक्टरची खरी मुलाखत पहिल्या दोन-चार गायी घेतात. मंदाताईंची ही काळी-पांढरी एचएफ जातीची गाय माझी मुलाखत घेत होती आणि मी नापास होत होतो.

आजार तसा नेहमीचा. कासेत जंतू शिरतात, कास सुजते, टणक होते, दुधात गाठी येतात. आमच्या पुस्तकात त्याला मस्टायटिस म्हणतात. गावात म्हणतात दगडी, आणि एकदा त्या कासेला हात लावला की नाव कसं पडलं ते वेगळं सांगावं लागत नाही. वेळेत उतरली नाही तर सड कायमचा आटतो. सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली की बहुतेक वेळा उतरते, पण मग काही दिवस दूध डेअरीत घालता येत नाही. म्हणून दगडी सुरुवातीची असेल तर आम्ही आधी लेप सांगतो. कोरफडीचा गर, हळद, थोडा चुना. आमच्या ट्रेनिंगमध्ये तो रीतसर शिकवतात. जादूटोणा नव्हे.

अडचण कोरफड मिळण्यापासूनच सुरू झाली. मंदाताईंच्या दारात कोरफड होती, पण चौकटीला उलटी टांगलेली. मुळं वर, पानं खाली, मधे लाल दोरा. मातीविना, पाण्याविना ती तशीच हिरवी होती. मी म्हणालो, हीच काढा की. मंदाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी देव्हाऱ्यातला देव उसना मागितला.

“ती नजरंची हाय,” त्या म्हणाल्या. “आल्यागेल्याची सगळी नजर तिनं पिऊन ठिवली. ती वाटून गायीच्या कासंला लावू व्हय?”

यावर आमच्या ट्रेनिंगमध्ये काही सांगितलेलं नव्हतं.

शेजारच्या ओट्यावर एका फुटक्या माठात मात्र कोरफडीचं रान माजलं होतं. ते घर त्यांच्या धाकट्या जावेचं, कमलताईंचं. वाटणी झाल्यापासून दोघींचं बोलणं बंद होतं. आमचं बोलणं कमलताईंच्या कानावर गेलंच होतं. त्यांनी भिंतीपलीकडून आवाज दिला, की पान पाहिजे तर न्या, आमच्याकडं पोराला भाजलं तरी तेच लावतो, खोकला झाला तरी तेच भाजून मधातून देतो. मंदाताई माझ्याकडे बघत, पण आवाज भिंतीपलीकडे जाईल असा काढून म्हणाल्या, “तिच्या हातचं काई नगं.”

मी मधला मार्ग काढला. मधले मार्ग काढायची मला जुनी सवय आहे आणि त्यातला एकही आजवर नीट कुठे पोचलेला नाही. म्हणालो, मीच लेप तयार करून आणतो.

दवाखान्याच्या मागे तारेच्या कुंपणाजवळ कोरफडीचं एक बेट होतं. आल्या दिवशीच मी ते हेरून ठेवलं होतं. हातमोजे घालून पानं कापली, काटे तासले, गर खरवडला आणि सौभाग्यवतीच्या नकळत तिच्या मिक्सरमधून काढला. मिक्सर दोनदा अडकला. पात्याभोवती पांढरे दोरे गुंडाळले गेले होते. म्हटलं, पानं जून असतील. निम्म्या गरात हळद आणि चुना कालवून स्टीलच्या डब्यात भरला, उरलेला नुसता गर फ्रिजमध्ये ठेवला आणि गाडीला किक मारली.

वाटेत कमलताईंचं घर आधी लागतं. त्यांनी हाक मारली, कालवड लंगडते, जरा बघा. मी डबा ओट्यावर ठेवला, मागे जाऊन कालवडीचा खूर बघितला, चहा घेतला, डबा उचलला आणि मंदाताईंकडे गेलो. कास धुऊन, हातमोजे घालून लेप लावला. फोटो काढला. तो ‘पारंपरिक उपचार, उत्तम परिणाम’ असं लिहून आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलाही. परिणाम अजून व्हायचा होता. पण ग्रुपवर परिणामासाठी थांबणारे अधिकारी मागे पडतात, असा माझा समज होता.

संध्याकाळचा दुसरा हात मंदाताईंनीच लावला, डब्यात उरलेल्या लेपाचा. आणि सकाळी हे असं.

“माजेबी हात रातभर खाजत हुते,” त्या म्हणाल्या.

चुन्याने खाजले असतील, असं मी म्हणालो. पण चुना मी चिमूटभर घातला होता. मग काय? माझ्या डोक्यात एकेक गोष्ट उलटी फिरू लागली. पानं मी कापली, वाटली मी, लावली मी. लावण्याआधी डबा माझ्या नजरेआड फक्त एकदाच होता. आणि हे मनात ठेवण्याऐवजी मी ते मोठ्याने बोलून बसलो. म्हणालो, डबा तेवढा कमलताईंच्या ओट्यावर होता थोडा वेळ, बाकी…

हे ‘बाकी’ पुढे बोलायची गरजच पडली नाही. मंदाताई हळूच खाली बसल्या.

“तरीच,” त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत वस्तीवर झालं, की कमलने लेपावर करणी केली. डॉक्टर स्वतःच तसं म्हणाले. डेअरीच्या दारात कमलताईंची मुलगी दुधाची किटली घेऊन आली तर दोन बायका बाजूला सरकल्या. मंदाताईंच्या घरच्यांनी ठरवलं, की अमावस्येला भगताला बोलवायचं आणि करणी करणारीचं नाव काढून घ्यायचं. भगत कुणाचं नाव काढणार, हे भगत सोडून सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. आणि एकदा भगताने नाव काढलं की त्या बाईला हळदीकुंकवाला बोलावणं नाही, तिच्या पोरीला स्थळ नाही.

माझा करणीवर विश्वास नव्हता. मी शिकलेला माणूस. माझा विश्वास विषावर होता. मंदाताईंना करणीचा संशय, मला तणनाशकाचा. बोट मात्र दोघांचंही एकाच ओट्याकडे. कमलताईंच्या खिडकीत तणनाशकाची बाटली मी पाहिलेली होती. तशी बाटली त्या वस्तीवर कुणाच्या खिडकीत नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. डब्याच्या तळाशी राहिलेला लेप बाटलीत भरला, सील केला आणि जिल्ह्याच्या लॅबला पाठवायची तयारी केली. लॅबने होकार दिला असता तर पुढचं काम पोलिसांचं होतं.

तेवढ्यात तालुक्याच्या साहेबांचा फोन आला.

“काय रे, तुझा तो उत्तम परिणाम मी वरती फॉरवर्ड केला. आता कुणीतरी सांगतंय गाय भाजली म्हणून.”

“सर, बाहेरचा हस्तक्षेप दिसतोय. चौकशी करतो.”

“चौकशी? तू डॉक्टर आहेस का फौजदार?”

या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी चुकीचं दिलं. उत्तर तोंडाने दिलं नाही, गाडीवर बसून कमलताईंकडे गेलो. कालवडीचं निमित्त केलं आणि मग अगदी सहज विचारतोय असं दाखवून म्हणालो, त्या दिवशी डब्याजवळ कुणी आलं-गेलं होतं का?

कमलताई ओट्यावर गवार निवडत होत्या. हात थांबला नाही.

“सरळ इचारा ना. डब्यात काय टाकलं म्हनून.”

मी तसं नाही वगैरे पुटपुटलो.

“थोरली आक्का करनी म्हनती. तिला कदी ना कदी कुनी समजावंल, डॉक्टर हायेत की गावात. पन डॉक्टरच इख टाकलं म्हनाय लागला, तर त्याला कोनी समजावायचं?”

मी चहा न घेता उठलो. त्यांनी विचारलाही नव्हता. परत येताना वाटलं, बाई फारच शांत आहे. म्हणजे नक्कीच काहीतरी आहे. संशय एकदा डोक्यात बसला की रडणारा माणूस नाटकी वाटतो आणि न रडणारा निगरगट्ट.

रविवार उजाडला. अमावस्या सोमवारची. सौभाग्यवतीने फ्रिज आवरायला काढला आणि उरलेल्या गराचा तो डबा माझ्यापुढे आदळला. एकतर ही घाण काढा, नाहीतर मी फेकते. आणि माझ्या मिक्सरचं काय केलंत तेही सांगा. मिक्सरचा विषय टाळायचा म्हणून मी डबा घेऊन मोरीत गेलो. गर फेकवेना. कोरफडीने केस येतात असं माझी आई सांगायची, आणि माझ्या डोक्यावर त्या दृष्टीने पुष्कळ पडीक जमीन आहे. दोन्ही तळव्यांनी चांगला चोळून घेतला.

थोड्या वेळाने खाज सुटली. मग आग. मग मी नळाखाली डोकं धरून असा ओरडलो, की सौभाग्यवती हातातलं लाटणं घेऊनच धावत आली. आरशात पाहिलं तर टक्कल लालभडक आणि त्यावर बारीक फोड. हे फोड मी कुठेतरी पाहिले होते.

खरं सांगतो, क्षणभर मला तेव्हाही कमलताईंचाच संशय आला. पण त्यांचा हात माझ्या फ्रिजपर्यंत पोचत नव्हता. तिथे माझा पोलीस तपास संपला.

डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून कुंपणाजवळ गेलो. एक पान मोडलं आणि ओढलं. कोरफड मोडली की काकडीसारखी तुटते, पारदर्शक बुळबुळीत गर निघतो. हे पान तुटेना. त्यातून लांबच लांब पांढरे दोरे निघत राहिले. गवत बाजूला केलं तर मधोमध एक भलं मोठं जुनं बुड, कुंपण घालताना तोडलेलं. माझं कोरफडीचं बेट म्हणजे त्या बुडाची पिल्लं होती. घायपात. ज्याच्या वाखाचे दोर वळतात ते. लहानपणी कोरफडीसारखंच दिसतं, पण त्याच्या रसात सुईसारखे सूक्ष्म खडे असतात, ते कातडीत घुसतात. माझ्या हातांना काही झालं नाही कारण मी हातमोजे घातले होते. गायीला हातमोजे नव्हते. मंदाताईंनाही नव्हते.

हे लपवता आलं असतं, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. लॅबला काहीच सापडलं नसतं, तणनाशकही नाही, आणि प्रकरण भगताच्या हाती गेलं असतं. मी टोपी घातली आणि वस्तीवर गेलो.

मंदाताईंच्या अंगणात चार बायका बसल्या होत्या. शेजारच्या ओट्यावर कमलताई, पाठ फिरवून. मी सगळं सांगितलं. कुणाला पटेना. डॉक्टर जावेला पाठीशी घालतोय, असं एकीने दुसरीला माझ्यासमोरच सांगितलं. तेव्हा मी टोपी काढली.

मंदाताईंच्या नाकातून एक आवाज आला. त्या हसू दाबत होत्या. बाकीच्यांनी दाबलंही नाही. मी मान खाली घालून उभा राहिलो, म्हणजे सगळ्यांना नीट दिसेल असा.

आता गायीचं बघणं भाग होतं. कास गार पाण्याने धुतली, फोडांना औषध लावलं, सडात ट्यूब सोडली. ती पहिल्या दिवशी सोडायला हवी होती. आग शमायला खऱ्या कोरफडीचा गर मिळाला तर बरं, असं मी म्हणालो आणि लगेच जीभ चावली.

कमलताई वळल्या. “पानं हायेत. पन तोडून नेयाची तर तुमी तोडा, डॉक्टर. मी हात लावनार न्हाई. उद्या परत काय झालं तर?”

मी पुढे झालो. मंदाताईंनी मला हाताने मागे सारलं. त्या दोन ओट्यांमधली जागा ओलांडून गेल्या आणि माठासमोर उभ्या राहिल्या.

“तूच तोड,” मंदाताई म्हणाल्या. “सगळ्यांसमोर तोड. आन् लावायला बी तूच चल.”

कमलताईंनी तोडली. लावलीही. गाय त्यांना लाथ मारायला गेली नाही. मला मात्र मारली.

भगताचं बोलावणं रद्द झालं. कास आठवड्याभरात उतरली, पण एक सड कायमचा कमी दूध देतो. मंदाताई त्याचा दोष अजूनही मला देतात आणि तो बरोबर आहे. दोघी जावा रोज बोलतात असं नाही. कामापुरतं बोलतात. कमलताईंनी मला पुन्हा चहा विचारायला बरेच महिने लावले. सील केलेली बाटली मी लॅबला पाठवली नाही, आणि ग्रुपवर टाकलेला फोटो काढून टाकायला गेलो तर तोवर तो सगळ्यांच्या मोबाइलवरून काढायची मुदत टळून गेली होती.

कुणाच्या गायीचं बिघडलं की आता मी आधी स्वतःवर संशय घेतो, मग इतरांवर. बहुतेक वेळा इतरांपर्यंत जावंच लागत नाही.