नदीनं वाहिलेले गोटे

सोमवारची पूजा आटोपली आणि वही घेऊन बसले. आज केरावन्संविषयी लिहायचं आहे. या माझ्या थोरल्या नणंद, सीनाकाठच्या गावात दिलेल्या. शाळेत कधी गेल्या नाहीत, पण भुईकडं बघायची नजर त्यांचीच.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. नदी कोरडी, काठावरची विहीर आटलेली. बायका झिऱ्याचं पाणी आणायला दोन कोस चालायच्या. नवी विहीर खणायचं ठरलं, पण खणणारा तिप्पण्णा पंधराच दिवस मोकळा होता. म्हणजे खड्डा एकच. तो चुकला की पावसापर्यंत हाल. सरपंच आबासाहेबांनी नदीच्या थडीतली जागा दाखवली.

वन्सं म्हणाल्या, "न्हाय. म्हादेवाच्या टेकडीच्या पायथ्याला खणा."

"टेकडीला पाणी? केराबाई, उन्हानं डोकं तापलंय का तुजं?" आबासाहेब म्हणाले.

मी तेव्हा वन्संकडंच राहायला होते. वन्संनी सगळ्यांना टेकडीखालच्या ओढ्यात नेलं. दोन्ही दरडींत गोल गोट्यांचा एकेक पट्टा होता. अलीकडं गुडघ्याइतक्या उंचीवर, पलीकडं टेकडीच्या अंगाला डोक्याच्याही वर.

"नदीनं गोटे एका पातळीत पसरले आसतील की न्हाय? मग हितं गुडघ्याला आन् तितं डोक्यावर कसं? टेकडीकडची भुई उचललीय. कोयनेच्या धक्क्याला आपल्या उतरंडी हालल्या व्हत्या की. तसे धक्के किती येऊन गेले आसतील! आन् जितं भुई सरकती, तितला दगड ठेचून निगतो. ठेचल्या दगडात पाणी ऱ्हातंय."

आबासाहेब हसले. "अगं, ते वरचे गोटे तुमी बायकांनीच वाहिलेत!"

श्रावणी सोमवारी प्रत्येकीनं नदीतला एक गोटा टेकडीवर नेऊन वाहायचा, ही तिथली रीत. मीही वाहिलेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही डोलली, खोटं कशाला लिहू?

वन्संनी तिप्पण्णाची पहार घेतली आणि दरड फोडायला लागल्या. हातभर आत गोटे चुनखडीत घट्ट बसलेले. पहार टणकन उडाली.

"आबासाहेब, ह्यो उपसून दावा. कुणाच्या सासूनं आत घालून ठिवलाय?"

बायका खदखदल्या. तिप्पण्णा अक्कलकोटकडचा; त्यानं नखानं खरवडून पाहिलं. "हौदु," तो कानडीत हो म्हणाला, "बाई खरं बोलती."

"आमी मागनं वाहिले," वन्सं म्हणाल्या. "आदी नदीनं वाहिलेत."

ते वाक्य मी त्याच दिवशी वहीत उतरवलं. त्यानं म्हादेवाचं काही उणं झालं असं मला वाटलं नाही. उलट नदीची सेवा आमच्याहून जुनी निघाली.

"चुकलं तर शिव्या तुला," आबासाहेबांनी बजावलं.

"द्या की. घागर माज्याबी डोईवर हाय."

आठ दिवस नुसती कोरडी माती आणि मुरूम. माणसं कुजबुजायला लागली. वन्सं पाट्या ओढत राहिल्या, त्यांच्या मागं आम्ही बायका. अकराव्या दिवशी काळा दगड लागला, पण कसा? हातानं मोडणारा. चौदाव्या दिवशी पाटी ओली आली. सकाळी तळाला वीतभर पाणी!

गावानं नारळ फोडला. तिप्पण्णानं दोर गुंडाळायला घेतला. त्याला बार्शीचं काम गाठायचं होतं.

"वीतभरानं गावाची तहान भागती व्हय?" वन्संनी दोराचं टोक धरलं. "आजून चार हात."

"बाई, तितं लोक वाट बगत्यात."

"मग हितं काय मान्सं न्हाईत, गोटेच ऱ्हात्यात?"

तिप्पण्णा हसला. बार्शीला उशिराचा निरोप धाडून तो पुन्हा खाली उतरला.