खसची ताटी घेऊन अंबाजोगाईला

उन्हाळ्यात बीडहून कुठं जावं, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं: अंबाजोगाई. महाबळेश्वरला जायला सुट्टी लागते, खिसा लागतो; अंबाजोगाईला एसटी लागते, बस्स. बालाघाटाच्या डोंगरावर वसलेलं गाव. लहानपणी मे महिन्यात तिथं सुमामावशीकडं गेलं की पहाटे अंगावर चादर ओढावी लागायची, आणि मावशी ती चादर अशा तोऱ्यात काढून द्यायची, जणू वारा तिनंच मागवलाय. "तुमचं बीड म्हंजे तवा," हे तिचं आवडतं वाक्य. माझी आई आणि ती, दोघी केजजवळच्या एका खेड्यातल्या बहिणी. एक लग्न होऊन बीडला आली, दुसरी डोंगरावर गेली, आणि तेव्हापासून हवेवरून दोघींची जुंपलेली आहे.

यंदा मात्र ऊन घाट चढून वर गेलं. मावशीची मुलगी मंजू बाळंतपणासाठी माहेरी आली होती, तिला मुलगी झाली होती, आणि आम्ही बारशाला जाणारच होतो. त्याआधीच एका संध्याकाळी मावशीचा फोन आला. यंदा गरम जरा जास्तच हाय, असं तिनं कबूल केलं. एवढं तिनं जन्मात कधी कबूल केलं नव्हतं, म्हणून मी आईकडं बघून डोळा मारला. मग नातीचं कौतुक सुरू झालं. "लई गुणी हाय गं अक्का. रडत न्हाई, प्यायला मागत न्हाई, नुस्ती निजून ऱ्हाती."

आईनं निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारली. बाळाला आत्ताच्या आत्ता डॉक्टरला दाखव, असं तिनं बहिणीला दोनदा सांगितलं. मावशीनं हसण्यावारी नेलं. मंजूशी बोलायचं म्हटलं, तर बाळंतिणीनं मोबाईल हातात धरायचा नसतो. जावई लांब नोकरीला. फोन ठेवून आई म्हणाली, "उन्हाळ्यात लेकरू गप पडलं तर त्याला गुण म्हनत न्हाईत. पहिल्या गाडीनं निघायचं." शेवटची गाडी केव्हाच निघून गेली होती, नाहीतर ती तेव्हाच निघाली असती.

तर मंडळी, हे माझं नेहमीचं लेणी-किल्ल्यांचं वर्णन नाही. तरी ज्यांना या रस्त्यानं जायचंय त्यांच्यासाठी सांगते. उन्हाळ्यात बीडहून पहाटेचीच गाडी धरा आणि उजवीकडची खिडकी पकडा, म्हणजे सकाळचं ऊन दुसऱ्यांच्या वाट्याला जातं. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा गाडी भरलेली असणार हे गृहीत धरा. पाणी घरून घ्या. कांदा घ्या की नका घेऊ, तो तुमचा प्रश्न; आईच्या पिशवीत तीन होते.

आणि तिच्या काखेत होती खसची ताटी. वाळ्याच्या मुळांचा विणलेला पडदा, आमच्या मधल्या खोलीच्या खिडकीवरून तिनं रात्रीच उतरवला होता. बीडमध्ये दुपारी त्यावर पाणी मारलं की घर ओल्या मातीसारखं दरवळतं. गुंडाळलेली ताटी दारातून आत येईना, तेव्हा कंडक्टर म्हणाला की काकू, हे सामान टपावर टाका. आईनं ऐकलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मांजरसुंब्याला गाडी थांबली. इथली रबडी न खाता पुढं जाणं म्हणजे पाप, हे मी याच ब्लॉगवर लिहिलेलं आहे. त्या दिवशी आम्ही जागच्या उठलोसुद्धा नाही. आई पुढच्या सीटच्या दांडीला धरून बसली होती, जणू गाडी तीच ढकलत होती. नेकनूर मागं पडेपर्यंत वारा गरम झाला. मागच्या बाकावर दोन पोरं बोलत होती. "कामून चाललास रे अंबाजोगाईला?" "हवा खायला." "खा मंग. भाजलेली हाय." सगळी गाडी हसली.

केजच्या स्टँडवर गाडी जरा थांबते. खिडकीखाली कलिंगडाच्या गाड्यावर खलीलचाचा म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते. आईनं त्यांच्याकडं पाणी मागितलं आणि बाटलीनं ते थेट ताटीवर ओतलं. कशासाठी, असं त्यांनी विचारलं. तान्ह्या लेकरासाठी, म्हटल्यावर त्यांनी रांजणातून आणखी तांब्या भरून दिला. आईनं ताटी पदराच्या चिंधीनं आमच्या खिडकीला बांधली. गाडी निघाली आणि दोन मिनिटांत वाळ्याचा वास थेट मागच्या बाकापर्यंत गेला. मघाचा कंडक्टर तिकिटं फाडत आमच्याच सीटजवळ येऊन उभा राहिला आणि होळ गाव येईपर्यंत हलला नाही. माझी मान तेव्हा जरा ताठ झाली, खोटं कशाला बोलू. उन्हाशी कसं वागायचं हे आम्हा बीडकरांना कुणी शिकवायला नको.

अंबाजोगाईच्या स्टँडवरून रिक्षा केली. मावशीचं घर उताराच्या कडेला आहे, पश्चिमेला तीन मोठ्या खिडक्या, खाली दरी. या खिडक्या म्हणजे मावशीचा जीव. दिवाळी असो की वैशाख, त्या उघड्याच. आम्ही बीडची माणसं ऊन वर आलं की दारंखिडक्या लावून घेतो, पडदे ओले करतो आणि तिन्हीसांजेला घर उघडतो. बाहेरचा वारा तापला की तो घरात घेणं म्हणजे चूल घरात घेणं. पण जिथं वारा कायम गारच येत आला, तिथं तो कधी उलटेल हे कुणाला सुचणार? आसपासच्या सगळ्याच घरांच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि त्यातून फुफाटा आत शिरत होता. गरम होतंय म्हणून लोक त्या आणखी उघडत होते.

बाळंतिणीच्या खोलीत मंजू कान बांधून बसलेली, घामानं निथळत. बाजेखाली शेगडी, रीतीप्रमाणं. शेजारी बाळ: टोपडं, झबलं, त्यावर दुपटं, त्यावर गोधडी. चेहरा लालबुंद, डोळे मिटलेले, ओठ कोरडे. मी जवळ जाऊन हाक मारली, पायाला गुदगुल्या केल्या. ते हललं नाही.

आईनं आधी शेगडी उचलून अंगणात ठेवली. मग एकेक कपडा काढायला लागली. दारातून मावशी म्हणाली, "अक्का, वारं लागंल तिला."

"सुमे, लेकरू तापलंय. रिक्षा थांबव."

मावशीच्या घरात तिला हुकूम द्यायची कुणाची छाती नव्हती. पण ती अनवाणीच रस्त्यावर पळाली.

दवाखाना जवळ होता, हे या गावचं भाग्य. लेकरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. अंग पुसायला लावलं, तपासलं, बाळाला ठेवून घेतलं. आई मधेच म्हणाली की चमचाभर साखरपाणी देऊ का. बाई म्हणाल्या, मुळीच नाही, फक्त आईचं दूध, आणि जास्त वेळा. बीडकरांनाही सगळं येत नाही, याची नोंद मी घेतली. मग त्यांनी विचारलं की बाळाला एवढं गुंडाळलं कुणी.

मंजूनं मान खाली घातली. मी काहीतरी सारवासारव करणार होते. मावशी पुढं झाली. "मी. शेगडीबी मीच ठिवली. पोरीचा काय दोष न्हाई." डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. यंदाच्या उन्हात अशी बाळं येतायत, तुम्ही वेळेत आणलंत, एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाळ दूध ओढायला लागलं. मंजू रडली, आई रडली. मावशी मात्र जागेवर नव्हती. मी शोधायला गेले तर ती बाहेरच्या बाकावर एका अनोळखी आजीशेजारी बसून तिच्या मांडीवरच्या लेकराची गोधडी सोडवत होती, आणि स्वतःची चूक तिला पहिल्यापासून सांगत होती. मी तिथंच भिंतीला टेकून ऐकत राहिले. आईचा मला अभिमान आहेच, तो कायमचा आहे. पण त्या दिवशी माझा ऊर भरून आला तो मावशीसाठी.

बाळ घरी आलं त्या सकाळी मावशीनं आपल्या हातानं तिन्ही खिडक्या लावल्या. कड्या गंजल्या होत्या, तेल घालावं लागलं. मधल्या खिडकीला ताटी टांगली. दुपारी शेजारणी बघायला यायच्या आणि परत जाऊन आपापल्या खिडक्या लावायच्या. संध्याकाळी मी योगेश्वरीचं दर्शन घेऊन येताना पाहिलं, तोवर ऊन उतरलं होतं आणि गल्लीतली घरं एकेक करून उघडत होती. तुम्ही इथं उन्हाळ्यात आलात तर शिवलेणी सकाळी लवकर पाहा, देऊळ तिन्हीसांजेला, आणि मधली दुपार कुणाच्या तरी अंधाऱ्या खोलीत झोपून काढा.

बारसंही मावशीनं दिवेलागणीला ठेवलं. बायकांनी आहेरात स्वेटर, कुंच्या, टोपडी आणली, रीतच आहे. मावशीनं सगळं हळदीकुंकू लावून घेतलं आणि पेटीत ठेवलं. बाळाचं नाव योगिता ठेवलं; पाळण्यात ती एका पातळ झबल्यात, डोकं उघडं. एक वयस्कर शेजारीण कुजबुजली की कान उघडे टाकलेत, लोक काय म्हणतील. मावशीनं पाळण्याची दोरी थांबवली.

"थंडीत घालू टोपडं. ह्या उन्हात नातीला एकदा भाजून काढलं म्या. दुसऱ्यांदा न्हाई."

मग त्याच शेजारणीनं पाळणा म्हणायला सुरुवात केली.

आता बीडला परत आलोय. येताना मांजरसुंब्याला उतरलो, दोघींनी दोन-दोन वाट्या रबडी खाल्ली. ताटी अंबाजोगाईलाच राहिली. आमच्या खिडकीला सध्या जुनी चादर ओली करून लावलीय, तिला वाळ्याची सर नाही. आई त्यावर पाणी मारताना कुरकुरते, पण नवी ताटी आणू म्हटलं तर यंदा राहू दे म्हणते.

आज सकाळी मावशीचा फोन आला. तोच जुना तोरा, चादर काढून देतानाचा. "रातभर रडली गं अक्का. गल्लीला झोपू दिलं न्हाई. घडीघडीला दूध मागती, मांडीवर घेतलं तर दुप्पट आवाज काढती."

आईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि फोन जवळ ओढला.

"लई गुणी हाय गं," ती म्हणाली.