गावचा जावई आणि माझं गाण्याचं मशीन

सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्हे मिळून माझ्या आत्याच्या नवऱ्याइतका डोक्यात जाणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. तुम्ही म्हणाल पोरगं रागात बोलतंय. रागातच बोलतोय! पण शांत असतो तरी हेच बोललो असतो, फक्त जरा सावकाश. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. तर हे मामा फौजेत सिग्नलला होते, आता रिटायर होऊन कोरेगावात असतात, आणि आत्याचं माहेर म्हणजे आमचं कुंडल, म्हणून ते आमच्या अख्ख्या गावाचे जावई. माझ्या रागाचं निम्मं कारण इथंच आहे. जावयाला काही बोलता येत नाही राव! जावई भाजीत मीठ कमी म्हणाला की मीठ कमी. जावई म्हणाला पंखा लय जोरात फिरतोय, की सगळं घर घामानं भिजत बसणार. मी एकदा नुसतं "मामा, आवं पण..." एवढंच म्हणालो, पुढचं वाक्य अजून माझ्या डोक्यातसुद्धा तयार नव्हतं, तर पप्पांनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. "जावईमाणूस हाय त्यो. तोंड आवर."

आता मशीनचं सांगतो. मी गाणी करतो. जत्रेची, हळदीची, कुणाच्या बारशाची, जे येईल ते, घरामागच्या खोलीत एका जुन्या लॅपटॉपवर. त्या लॅपटॉपला दोन माइक जोडले तर तो विचारात पडतो आणि चार जोडले तर झोपतो. हे मी चालवून घेत होतो. पण आमच्या वाडीवरचे आप्पा, म्हणजे धनगरी ओव्या म्हणणारे, ज्यांच्या ओवीला ढोलवाले आपोआप उभे राहतात असे आप्पा, त्यांच्या घशात गाठ निघाली. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, जीव वाचेल, आवाजाचं काही सांगता येत नाही. तारीख महिन्याभरानंतरची मिळाली. आणि आप्पांकडं ओव्या किती, तर जत्रेत एकदा धरली की दिवस उजाडेपर्यंत संपत नाहीत. कुठं लिहिलेल्या नाहीत, कुणाला पूर्ण येत नाहीत, पोरांना पहिली ओळ येते आणि पुढं सगळे नुसते "हो हो हो" करतात. मी ठरवलं, तारखेच्या आत सगळं रेकॉर्ड करायचं. ढोलाला वेगळा माइक, कैताळाला म्हणजे मोठ्या झांजांना वेगळा, मागं झील धरणाऱ्यांना वेगळे, आप्पांना सगळ्यात चांगला. त्यासाठी नवीन कम्प्युटर पाहिजे. पप्पा म्हणाले, घे, पण मामांना संगं न्हे, त्यांना त्यातलं कळतं.

कळतं! तेच तर दुखणं आहे. ज्याला कळत नाही तो दुकानात जाऊन बॉक्स घेऊन येतो, ज्याला कळतं तो एकेक पार्ट पारखून घेतो आणि मशीन घरात जोडतो. मामा कोरेगावातून पॅसेंजर पकडून आले ते एका स्टीलच्या डब्यात वायरी, पेचकस आणि दाढीचा ब्रश घेऊन. पलूसच्या दुकानात मी एसएसडी, म्हणजे गाणी साठवायची डिस्क, मागितली. दुकानदारानं बॉक्स ठेवला. मामांनी तो उलटा केला, सुलटा केला, हलवून बघितला, आणि म्हणाले, "उघड. लाव. काय तरी कॉपी करून दाव." दुकानदार म्हणाला, "साहेब, सीलबंद माल हाय, फोडता येत न्हाई." मामांनी खिशातून पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. "मग माजं पाकीट बी सीलबंदच घे. आत काय हाय ती इचारू नगंस." दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागलो.

शेवटी सांगलीत एकानं बिचाऱ्यानं डिस्क जोडून दाखवली. मामांनी त्यांच्या पेनड्राइव्हमधली कुठल्या तरी परेडची भलीमोठी फाइल तिच्यावर टाकली आणि दुकानातल्या दुकानात तिच्या कॉप्यावर कॉप्या काढायला लावल्या. डिस्क असली सुसाट निघाली की मी टाळी वाजवणार होतो. मामा म्हणाले, "थांब." निम्म्यात गेल्यावर ती रांगायला लागली. "बघितलंस? रंगरूट! नवा भरती झाल्याला! पयल्या मैलाला बोंबलत पळतंय आनि दुसऱ्याला झाडाखाली झोपतंय." आता मला सांगा, गाण्याला एवढा स्पीड लागतो का? सगळे माइक एकदम चालू केले तरी त्या रांगणाऱ्या डिस्कला जांभई देत देत जमलं असतं! मी हे सांगितलं. अगदी प्रेमानं सांगितलं, जावई आहेत म्हणून. मामा म्हणाले, "पुरनं येगळं आनि भरवसा येगळा." आणि दुकानातून बाहेर. आठवडा गेला.

मग त्यांचं आवाजाचं खूळ. मशीन आणि माइक एकाच खोलीत, म्हणून मशीनमध्ये फिरणारी हार्ड डिस्क चालणार नाही, तिची घरघर माइकात येते. हे बरोबर आहे, मी पण हेच म्हणत होतो, एसएसडीत फिरणारं काही नसतं म्हणून ती मुकी असते. पण मामा तिथं थांबतील तर ते मामा कसले! साताऱ्याच्या दुकानात कॅबिनेटचा पंखा कानाला लावून ऐकायचा म्हणून त्यांनी दुकानाचा पंखा बंद करायला लावला. मग एसी. मग शेजारच्या रसवंतीवाल्याला जाऊन म्हणाले, "जरा तुजी घुंगरं थांबीव, हितं एक तपासणी चाललीय." आणि तो थांबला! रस प्यायला आलेलं सगळं गिऱ्हाईक ग्लास हातात धरून गप्प, आणि मध्ये हा माणूस डोळे मिटून एक पंखा कानाला लावून उभा. "शिट्टी मारतोय," असं म्हणून त्यांनी तो परत दिला. मी दुकानात लाल-निळे लाइट लागणारं एक कॅबिनेट बघत होतो, मस्त होतं, तर मागून आवाज आला, "ह्यात गानं करायचंय का वरात काढायचीय?"

अजून एक नियम. कृष्णेकाठच्या बहिणीचं घर पुरात गेलेलं त्यांनी बघितलंय, तेव्हापासून त्यांचं म्हणणं, एका गावात दोन कॉप्या म्हणजे एकच कॉपी. म्हणून आपलं गाणं तीन ठिकाणी पाहिजे. एक मशीनमध्ये, एक कपाटात, आणि एक हार्ड डिस्क कोरेगावात, त्यांच्या कानटोपीत गुंडाळून, डाळीच्या डब्यात. "पन मामा, आदी गानं तर हुंदे! रिकाम्या डिस्कच्या तीन कॉप्या काय करायच्या?" मी ओरडलोच. लगेच पप्पांचा खोकला ऐकू आला.

इकडं आप्पांचा रोज फोन. "पोरा, तुजं यंत्र कवा उगवतंय रं? का माज्या तेराव्याला वाजवायचंय?" हसत बोलायचे, पण आवाज दिवसेंदिवस खरखरायला लागला होता. मला झोप लागेना. मी काय सांगू त्यांना? की आप्पा, सगळं तयार आहे, फक्त आमच्या जावयाला पंख्याचा स्वभाव पसंत नाही?

मशीन शेवटी जोडून झालं ते आप्पांना दवाखान्यात दाखल करायच्या आदल्या दिवशी. आदल्या दिवशी! तरी म्हटलं दुपारपासून बसू, जमेल तेवढं घेऊ. ढोलवाले आले, कैताळ आलं, झील धरणारे आले, आप्पा पटका बांधून आले, आणि दारात मामा हात आडवा करून उभे. चपला लांब. पाणी बाहेर. चिवडा अजिबात नाही. धूळ झटकून आत. मशीनपासून सगळ्यांनी लांब बसायचं. आप्पा म्हणाले, "आवं पाव्हणं, मला तरी आत घ्या, का मी बी अंगणातनंच म्हनू?" सगळे हसले. मामा नाही हसले. त्यांनी आप्पांचा पटकासुद्धा झटकून घेतला.

आणि मग आप्पांनी कानावर हात ठेवला. काय सांगू गड्यांनो. ती खरखर गेली कुठं? पहिली ओवी देवाची झाली, दुसरी झाली मेंढरांच्या जन्माची, ढोल असा घुमला की माझ्या छातीतलं काय तरी सैल झालं. स्क्रीनवर सगळ्या रेघा हिरव्यागार, काही अडकत नव्हतं, काही तुटत नव्हतं. आता तिसरी, वाटेची ओवी, कळप कुंडलच्या माळावरनं निघून कोकणात उतरतो ती, गावागावाची, ओढ्याओढ्याची नावं घेत जाणारी. ती लांबलचक, आणि ती आप्पांशिवाय कुणालाच पुरती येत नाही. मी दुसरी सेव्ह केली. ढोलवाल्यांनी "चांगभलं!" केलं. आणि मामांना काय झालं देव जाणे. ज्या माणसानं चिवडा आत येऊ दिला नाही, त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यानं आप्पांपुढच्या ताटातला भंडारा दोन्ही मुठींत घेतला आणि "चांगभलं!" करून छताला उधळला.

सगळी खोली पिवळी. आणि ते पंखे, कानाला लावून लावून निवडलेले ते गुणी पंखे, त्यांनी मन लावून सगळी हळद आत ओढून घेतली. कॅबिनेट हळद लागलेल्या नवरदेवासारखं दिसायला लागलं. चालू होतं बरं का! मस्त चालू होतं! पण मामांच्या तोंडावरचा रंग उडाला. ते ओरडले, "बंद!" आणि वायर उपसली. मी म्हटलं, "मामा, हळदीनं काय हुतंय, मागनं पुसू की!" तर म्हणे, "पावडर आत गेली, शॉट बसला तर हायती ती दोन बी जात्याल. साफ केल्याबिगर चालू करायचं न्हाई." आणि डबा उघडून, मांडी घालून, एकेक स्क्रू काढून, दाढीच्या ब्रशनं मशीन झाडायला बसले. मी म्हटलं, तवर जुन्या लॅपटॉपवर नाहीतर मोबाइलवर घेतो, तर म्हणे, "त्यात ढोलाखाली आप्पांचा आवाज मरतोय, धा मिन्टांत हुतंय, थांब."

मी पप्पांकडं बघितलं. पप्पांनी जमिनीकडं बघितलं. ढोलवाल्यांनी एकमेकांकडं बघितलं. एका, फक्त एका माणसानं म्हणायला पाहिजे होतं, की पाव्हणं, उठा तिथनं. कोण म्हणणार? जावई! आप्पाच उलट म्हणाले, "असू द्या, पाव्हणं म्हनत्यात तर खरंच असंल. म्या बसतो." बसले. उजेड गेला तरी बसले. मग त्यांना खोकला लागला, तो थांबेना, आणि त्यांचा मुलगा त्यांना गाडीवर बसवून घरी घेऊन गेला. मामांचं शेवटचं झाकण अजून लागायचं होतं. मशीन लखलखीत सुरू झालं. म्हणायला कुणी नव्हतं. तेव्हा मात्र मी पप्पांना न जुमानता बोललो. काय बोललो ते इथं लिहीत नाही. मामांनी दोन ओव्यांची कॉपी कानटोपीत गुंडाळली आणि सकाळच्या गाडीनं गेले.

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला. नुसती हवा येते, ओठ हलतात. गळ्याला टॉवेल गुंडाळून आप्पा आमच्याकडं आले त्या दिवशी मामा पण आले होते. आत आले नाहीत, उंबऱ्यातच बसले. मी दोन्ही ओव्या लावल्या. आप्पांनी डोळे मिटून ऐकल्या. संपल्यावर त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि हातानं विचारलं, पुढची?

मी मान खाली घातली. तेवढ्यात उंबऱ्यातून मामा उठून आत आले, आप्पांच्या समोर बसले आणि म्हणाले, "पुढची म्या म्हनतो. चुकलं तर हाना." आणि सुरू केली की वाटेची ओवी! जत्रेला येऊन येऊन कानावर पडली होती तेवढी. आवाज कसा, तर पत्र्यावर खडी ओतल्यासारखा. कळप माळावरनं निघाला, दुसऱ्या गावापाशीच चुकीच्या ओढ्यात उतरला, आणि आप्पांनी मामांच्या मांडीवर फाडकन हात मारला. पप्पा दारात उभे होते, ते दचकले. आमच्या गावात जावयावर कुणी हात उगारल्याचं त्यांनी आयुष्यात बघितलं नव्हतं. आप्पांनी ओठांनी बरोबर गावाचं नाव सांगितलं. मामांनी ते ओठांवरनं वाचलं, मोठ्यानं म्हटलं. चुकलं. परत फाडकन. "आवं सांगतायसा कुठं, नुसतंच मारतायसा!" मामा म्हणाले आणि आप्पा आवाज न करता हसले. मी रेकॉर्डचं बटण दाबलं.

आता मामा दर रविवारी येतात. ओवीतला कळप अजून घाटाच्या वरच आहे. माझा राग गेलाय असं कुणी समजू नका, अजिबात गेलेला नाही, आत्ता टाइप करतानासुद्धा बटणं आपटतोय. पण सोमवारी मी ते रेकॉर्डिंग घेऊन बसतो, मामांचा आवाज जरा बारीक करतो, मांडीवरची आप्पांची थाप जरा मोठी करतो, आणि त्या दोन्हींच्या मधे जिथं आप्पांचा आवाज असायला पाहिजे होता, ती जागा तशीच मोकळी ठेवतो.