पाय हलतात, मी नाही

पडवीची कौलं परतताना मी खाली आलो, मणका मोडला. तेव्हापासून कमरेखाली मला काही कळत नाही. लोकांना वाटतं, चालता येत नाही हेच काय ते माझं दुःख. ते मी पहिल्या वर्षातच रडून संपवलं. खरा वैताग त्याच्या पुढचा. लघवी नळीने काढायची, बुडाला जखम होऊ नये म्हणून सारखी कूस बदलायची, आणि हे पायांचे झटके. पाय आपले आपण ताठ होतात, थरथरतात, कधी गुडघ्यातून एकदम उडतात. मी काहीच करत नाही. डॉक्टरांनी हे इस्पितळातून सोडतानाच समजावलं होतं. आई तिथेच उभी होती, पण तिने त्यातलं ‘पाय हलतील’ एवढंच ऐकलं असावं.

एका सकाळी ती चहा आणि पाववाल्या पोदेराचा गरम उंडा पाव घेऊन आली, आणि माझ्या उजव्या पायाने बशी उडवली.

“हललो! अरे, पाय हललो तुझो!”

“आये, तो आपसूक हलता. मी नाय हलवूक.”

“आपसूक कसो हलात? पाय तुझो, मगे हलयता कोण?”

दुपारपर्यंत सगळ्या वाडीला कळलं. हळर्णहून मावशी आली, ती वाटेत देवळात नारळ ठेवूनच. खाटेभोवती माणसं जमली. “हलव बघू,” सगळी म्हणाली. मला हलवता येईना. मावशीने अंगावरची चादर ओढली, पायांना गार वारा लागला आणि गुडघा टुणकन उडाला. “बघलंस?” असं म्हणत सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी मुद्दाम लपवत होतो. शेजारचे आजोबा म्हणाले, “जरा मन लाव रे. नुसतो पडान र्‍हवलंस तर कसा होतला?”

त्या आठवड्यात झटके वाढतच गेले. आई रोज खोबरेल तेल चोळायची. ती चोळायची तसे पाय जास्तच उडायचे, आणि ते उडायचे तशी ती जास्त जोरात चोळायची. एकदा तर मी चाकाच्या खुर्चीतून पुढे फेकला जाता जाता राहिलो. बायकोने ओढणीने मला खुर्चीला बांधून ठेवलं. तिला मात्र शंका आली होती. लघवी गढूळ होती, वास मारत होती. “आई, ह्यांका बरा नाय,” ती म्हणाली. आई म्हणाली, “गप र्‍हव. पायांत जीव येता तेव्हा आंग जरा कसकसताच.”

मग हुडहुडी भरून ताप आला. शेजार्‍याच्या व्हॅनमधून मला म्हापशाच्या इस्पितळात नेलं. वाटभर बायको माझे दोन्ही गुडघे दाबून बसली होती. डॉक्टरांनी लघवी तपासली. आत चांगलाच संसर्ग झाला होता. खाली दुखलं-खुपलं तरी मला कळत नाही, म्हणून पायच असा दंगा करतात, ते म्हणाले. म्हणजे गावाने माझ्या आजारपणाला नारळ वाढवले होते. इंजेक्शनं झाली, भरपूर गोळ्या देऊन घरी पाठवलं.

काही दिवसांत ताप उतरला आणि पाय शांत झाले. आई पायथ्याशी बसून तळव्यांना गुदगुल्या करत राहिली. अंगठा जेमतेम थरथरला.

“गोळयांनी मारलो पाय,” ती म्हणाली.

दुसर्‍या दिवशी गोळ्यांचं पाकीट जाग्यावर नव्हतं. बायकोने घर पालथं घातलं. शेवटी ते तांदळाच्या डब्यात सापडलं. मग माझा तोल गेला.

“आये, अर्धे गोळये सोडले तर ताप परत येतलो! मरलंय असतंय मी!”

ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “पाय हलत होतो तेव्हा माका बरा वाटा.”

“तुका बरा वाटा, आणि माका ताप होतो!”

ती उठून आत गेली. बायकोने गोळ्या आपल्या कपाटात ठेवल्या आणि किल्ली कमरेला खोचली. घरात कोणी कोणाशी धड बोलेना, पण गोळ्या संपल्या. आईला पटलं असं मात्र मी म्हणणार नाही. कोणी पायांची चौकशी केली की ती सांगायची, “सध्या दमलेत.” मी दुरुस्त करायचं सोडून दिलं.

हा त्रास परत परत येतोच. पाय उडायला लागले की बायको बाटलीत लघवी घेऊन तपासायला पाठवते, आई देवासमोर बसते. दोघी आपापल्या कामाला लागतात. माझी कूस बदलायची वेळ उलटून गेलेली असते. ती मलाच ओरडून सांगावी लागते.