ओल्या रेघेवर रेघ

शाळेच्या फाटकाजवळची तुती माळीमामांनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात लावली होती. बारा वर्षांपूर्वी मी कार्यालयातर्फे सगळ्या झाडांची यादी केली आणि प्रत्येक खोडाला क्रमांकाची पत्र्याची पट्टी तारेने आवळून बांधली. पट्टी हलू नये एवढंच पाहिलं. खोड दरवर्षी जाड होतं, हे ध्यानात आलं नाही.

तुतीची पानं बारीक निघू लागली, तेव्हा मामांनी खोड चाचपलं. तार सालीत गडप झाली होती. त्यांनी ती पकडीने ओढून काढली. खाली चार बोटं रुंद साल सगळीकडून मेलेली होती. मी खजील झालो.

"भाऊसाहेब, फाइलसुद्धा फुगते," ते म्हणाले. "हे तर झाड."

त्याच दुपारी बाकीच्या तारा मी स्वतः सोडवल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र सांगून टाकलं की सत्र संपेपर्यंत झाड सावरलं नाही तर पाडायचं, फाटकावर कोसळायला नको. मामा दोन दिवस जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोकडून कळलं.

उपाय त्यांना ठाऊक होता. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक ओलसर थर असतो. पुस्तकात त्याला एधा म्हणतात, मामा 'ओली रेघ' म्हणत. खोड जाड होतं ते तिच्यामुळे. त्याच झाडाच्या काड्या मेलेल्या पट्ट्यावरून पुलासारख्या लावायच्या, दोन्ही टोकं जिवंत सालीत खोचायची, रेघेला रेघ भिडवायची. पण मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. म्हणून मामी आल्या. त्यांचा जन्म शिवणयंत्रावर गेलेला.

"रेघ दिसतेय का गं?"

"दिसतेय. हिरवट, दोऱ्याएवढी."

"केसभर सरकली तरी मेहनत फुकट."

"जन्मभर तुमच्या शर्टांच्या शिवणी जुळवल्या, काडीचं काय घेऊन बसलात?"

सहा काड्या बसल्या. मामांनी वरून बोट फिरवलं आणि थबकले. दोन काड्यांवरचे कोंबाचे डोळे खाली पाहत होते, म्हणजे काड्या उलट्या लागल्या होत्या. मामी म्हणाल्या, तुम्हीच तशा हातात दिल्यात. मामांनी ते कबूल केलं, नव्या काड्या कापल्या. सांध्यांवर मेण लावलं.

पाचव्या आठवड्यात सहाही काड्यांवर कोंब आले. बाई येऊन पाहून गेल्या आणि झाड राहू द्या म्हणाल्या. मामी हरखल्या.

"आता कोंब खुडून टाक," मामा म्हणाले.

"अहो, आत्ता कुठे उगवलेत."

"काड्या पानं काढत बसल्या तर जाड कधी होणार? झाडाचं खाणं खाली मुळांकडे ह्यांच्यातूनच जायचंय."

मामींनी एकेक कोंब खुडून तळहातावर घेतला. शेवटच्या काडीपाशी त्यांचा हात रेंगाळला. मामांनी तो कोंब स्वतः खुडला, मग ती काडी चिमटीत धरून चाचपली.

"बाळसं धरतेय," ते म्हणाले आणि मामींचं बोट धरून त्या काडीवर ठेवलं.